ग्रीव्ह्ज हॉकस्टोन, १९६० : तीनचाकीवाल्यांनी बनवलेली चिखलातली गाडी

तिरपा_स्टँड (धागाकर्ता)

बुलेटच्या धाग्यावर मागे एक फोटो टाकला होता : निळी टाकी, विचित्र दिसणारा पुढचा फोर्क. त्यावर "हे काय सोंग आहे" पासून "राजदूतची आजी का?" पर्यंत सगळं विचारून झालं. ती गाडी आता धावायला लागली आहे, म्हणून तिची हकिकत वेगळी लिहितो.

गाडी ग्रीव्ह्ज हॉकस्टोन, १९६० ची. व्हिलियर्स या ब्रिटिश इंजिन कंपनीचं २४६ सीसी टू-स्ट्रोक इंजिन, चार गिअर. दिवा नाही, स्पीडोमीटर नाही, मागे बसायची सोय नाही. तेव्हा ज्याला स्क्रॅम्बलिंग म्हणत आणि आता मोटोक्रॉस म्हणतात, तेवढ्यासाठीच जन्माला घातलेली. मी नोकरीच्या निमित्ताने एसेक्समध्ये राहतो आणि हिचा कारखानाही एसेक्समधलाच, साउथएंडजवळच्या थंडर्स्ली गावातला. आता तिथे त्याची खूण राहिलेली नाही. गावातल्या तरुणांना तर नावही ठाऊक नसतं.

आता कारखान्याची गोष्ट, कारण मला गाडीपेक्षा तीच जास्त भावली.

ऑस्कर बर्ट्रम ग्रीव्ह्ज, सगळे त्यांना बर्ट म्हणत. नात्यातला त्यांचा एक भाऊ होता, डेरी प्रेस्टन-कॉब. डेरी जन्मापासून अपंग, चाकाच्या खुर्चीत. गोष्ट अशी सांगतात, की बर्ट बागेतलं गवत कापत असताना त्यांच्या मनात आलं, हे यंत्राचं इंजिन डेरीच्या खुर्चीला का लावू नये? लावलं. खुर्ची चालली. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंडात हातपाय गमावलेले हजारो सैनिक घरी आलेले होते आणि सरकारला त्यांच्यासाठी वाहनं हवी होती. दोघांनी इन्व्हाकार नावाची कंपनी काढली आणि सरकारी कंत्राटावर एकट्याने चालवायच्या तीनचाकी गाड्या बनवायला लागले. विक्रीची बाजू डेरी सांभाळत. म्हणजे ज्याच्यासाठी पहिली गाडी बनली, तोच ती विकत होता.

बर्ट मात्र जुने मोटारसायकलवाले. कंत्राटाने कारखाना स्थिर झाल्यावर त्यांचा हात खाजवायला लागला. १९५१ साली पहिली प्रायोगिक मोटारसायकल तयार झाली, १९५३ च्या शरद ऋतूत विक्रीची घोषणा झाली. या मोटारसायकलीत दोन गोष्टी जगावेगळ्या होत्या.

पहिली, स्प्रिंगऐवजी रबर. इन्व्हाकारच्या चाकांना जे रबरी बुश होते तेच इथे आले. आत एक पोलादी नळी, बाहेर एक पोलादी नळी, मध्ये दोन्हींना घट्ट चिकटवलेलं रबर. चाक वर गेलं की आतली नळी फिरते, रबर पिळवटतं, आणि सुटायला बघतं तेच स्प्रिंगचं काम. सुरुवातीला हे पुढे-मागे दोन्हीकडे होतं. मागे ते लवकरच सोडून गिरलिंगचे नेहमीचे डॅम्पर (शॉक अॅब्सॉर्बर) आले. पुढे मात्र लीडिंग लिंक फोर्कमध्ये (यात चाक फोर्कच्या पुढे आलेल्या छोट्या दांड्यांवर, म्हणजे लिंकांवर बसतं) ते कितीतरी वर्षं टिकलं.

दुसरी, फ्रेम. हँडलच्या मानेपासून इंजिनापर्यंत खाली येणारी जी नळी असते तिच्या जागी ओतीव अॅल्युमिनियमची तुळई, इंग्रजी आय अक्षराच्या छेदाची. वरच्या पोलादी नळीभोवतीच ती ओतलेली. लांबून बघितलं तर पुलाचा तुकडा मोटारसायकलला लावलाय असं वाटतं.

शर्यतीतल्या यशाबद्दल खालच्या प्रतिसादात लिहितो, जेवायला बोलावतायत.

मिसळीतला_पाव

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक बाळबोध शंका, ही आपल्या मुंबईच्या ग्रीव्हज कॉटनची का? डिझेल इंजिनवाल्या?

तिरपा_स्टँड

नाही हो. ग्रीव्हज कॉटन १८५९ ची, जेम्स ग्रीव्हज आणि जॉर्ज कॉटन या दोघांनी मुंबईत काढलेली. या ग्रीव्ह्जशी काही नातं नाही, इंग्रजी स्पेलिंगही वेगळं. गंमत म्हणजे इंग्लंडात ग्लॉस्टरला कॉटन नावाची मोटारसायकल कंपनी होती, तीही व्हिलियर्सचीच इंजिनं लावून स्क्रॅम्बलर बनवायची. त्यामुळे साठच्या दशकात चिखलाच्या मैदानावर ग्रीव्ह्ज आणि कॉटन खरोखरच शेजारी उभ्या असत, पण एकमेकींना हरवायला.

मिसळीतला_पाव

हे भारीच! सकाळ सार्थकी लागली.

ओतकाम_कोल्हापूर

भावा, फ्रेमचे जवळून घेतलेले फोटो टाक की. मानेच्या जागी नळी ओतकामात शिरते तिथला खास. आमचा धंदाच हा. कुठला मिश्रधातू आहे काही कळलंय का?

तिरपा_स्टँड

टाकले बघा, सहा फोटो. मिश्रधातू एलएम६.

ओतकाम_कोल्हापूर

मग डोकेबाज माणूस होता. एलएम६ म्हणजे अॅल्युमिनियममध्ये साधारण बारा टक्के सिलिकॉन. ओतताना पाण्यासारखा पळतो, पातळ कडांतसुद्धा भरतो, थंड होताना गरम तडे जात नाहीत आणि खाऱ्या हवेला चांगला टिकतो. वाईट बाजू अशी, की उष्णतेची प्रक्रिया करून ताकद वाढवता येत नाही. जी काय ताकद आणायची ती आकारातनंच. म्हणून आय छेद. वाकवणारा जोर वरच्या-खालच्या पट्टीवर येतो, मधलं पातळ पान नुसतं त्यांना एकमेकांपासून लांब धरतं. ह्यात उगीच नक्षी काही नाही.

नळीभोवती ओतण्याचं गणित तर त्याहून सुंदर. अॅल्युमिनियम थंड होताना पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. रस साधारण ५७५ अंशाला गोठतो, तिथनं खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तो नळीला आवळतच जातो. दोन धातू एकमेकांत मिसळत नाहीत, नुसती पकड असते, पण ती अशी की हातोड्याने निघायची नाही.

तुला विचारायचं म्हणजे, पोलादी भागाला पावडर कोटिंग केलंस का रंग मारलास?

तिरपा_स्टँड

अजून दोन्ही नाही, तेच विचारणार होतो. इथल्या एका म्हाताऱ्या जाणकाराने सांगितलं, पावडर कोटिंगच्या भट्टीत घातलीस तर तुळई नळीवर ढिली होईल. आत्ता फक्त प्रायमर आहे, गाडी तशीच चालवून बघितली.

ओतकाम_कोल्हापूर

हिशोब करून बघ. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंश. दीड इंची नळी धरली तर त्या तापमानाला दोन धातूंच्या प्रसरणातला फरक मिलिमीटरच्या आठ शतांशाच्या आत येतो. गोठताना जी आवळण बसलीय ती ह्याच्या तिप्पट, कागदावर तरी. ओतताना नळीही तापलेली असणार म्हणून प्रत्यक्षात आवळण कमी धर, तरी २०० अंशाला सुटणार नाही. खरी भीती दुसरीच आहे. पावडरच्या आधी जे शॉट ब्लास्टिंग करतात त्यात पोलादी छर्रे वापरले तर ओतकामाचा पृष्ठभाग खडबडीत होईल, बारीक छिद्रं उघडी पडतील. तुळईला आधी टेप आणि पत्रा लावून झाक, मग काय ते कर. नाहीतर सरळ जुन्या पद्धतीने हाताने रंग मार, भांडणच नको.

आणि रंगाआधी तडे तपासणारं लाल द्रावण मार. मानेखालचा कोपरा आणि इंजिनाच्या बोल्टांभोवतीची जागा, दोन्हीकडे.

तिरपा_स्टँड

द्रावण मारून झालंय, तडा नाही. रंग हातानेच मारतो मग. धन्यवाद दादा, एवढं कुणीच समजावलं नव्हतं.

डबल_क्रेडल

सगळं कौतुक ठीक, पण थोडा मीठ टाकतो. ती ओतीव तुळई म्हणजे निम्मी जाहिरातच होती असं माझं मत आहे. त्याच काळात इंग्लंडातल्या न्यू मिल्टनचे रिकमन बंधू रेनॉल्ड्स ५३१ नळीची, निकेल चढवलेली मेटिस फ्रेम बनवत होते. हलकी, ताठ, देखणी. आणि पुढे ग्रीव्ह्जनेसुद्धा ग्रिफन काढली तेव्हा मुकाट्याने नळीचीच फ्रेम घेतली. तुळई इतकी थोर होती तर सोडली का? लीडिंग लिंकचंही तेच. जग टेलिस्कोपिक फोर्ककडे (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या) गेलं ते काय उगीच?

तिरपा_स्टँड

मुद्दा रास्त आहे, पण साल बघा. ग्रिफन साठच्या दशकाच्या अखेरची. तुळई १९५३ च्या आसपासची. त्या वेळी लहान इंजिनांच्या ब्रिटिश गाड्यांच्या फ्रेम बऱ्याचदा स्वस्त नळीच्या, ब्रेझिंग करून (पितळ वितळवून) जोडलेल्या असत आणि उड्या मारताना मानेजवळ तुटत. तुळईने तो प्रश्न तिथल्या तिथे मिटवला. रिकमनची फ्रेम उत्तमच, पण ती बनवायला कुशल हात आणि वेळ लागे. ज्या कारखान्यात रोज अपंगांच्या गाड्या तयार होत होत्या, त्यांना साच्यातून पुन्हा पुन्हा तीच वस्तू काढणं जास्त जमणारं होतं. मला तर या गाडीत ठिकठिकाणी तीनचाकी दिसते. रबरी बुश तिथलेच. व्हिलियर्सशी घरोबा तिथलाच. आणि शर्यतीत हरलो तरी पगार होतील ही बेफिकिरी, ती सरकारी कंत्राटाची. बीएसए या मोठ्या ब्रिटिश मोटारसायकल कंपनीच्या शर्यत विभागाला दर वर्षी विक्रीचा हिशोब द्यावा लागे, बर्टना तेवढा तगादा नव्हता.

फोर्कचं म्हणाल तर तेव्हाचे टेलिस्कोपिक फोर्क आजचे नव्हते. बारीक नळ्या, खड्ड्यात वाकायच्या, अडकायच्या. लीडिंग लिंकमध्ये दोन्ही लिंकांना जोडणारा कमानीसारखा दांडा चाकामागून जातो, त्यामुळे चाक पिळवटत नाही. चाकोऱ्यांतून गाडी सरळ जाते.

बापटकाका

राजदूत १७५ ज्यांनी चालवली आहे त्यांना लीडिंग लिंक नवा नाही. तिचा पुढचा भाग त्याच जातीचा, पोलंडच्या एसएचएल गाडीवरून आलेला. पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालायच्या ऐवजी वर करायची. नवशिक्याला दचकायला व्हायचं. तुमच्या ग्रीव्ह्जचं तसं होतं का?

तिरपा_स्टँड

अगदी तस्संच, काका. ब्रेकची प्लेट लिंकलाच बांधलेली असली की ब्रेकचा पीळ लिंकला खाली ढकलतो आणि नाक उठतं. रस्त्यावर विचित्र वाटतं. चिखलाच्या उतारावर मात्र बरं, कारण पुढचं चाक बसकण मारत नाही. एक सवय मात्र मला लागायला वेळ गेला, गिअर उजव्या पायाला. पण जुनी बुलेट चालवलेल्यांना ते घरचंच.

बरं, राहिलेली शर्यतीची गोष्ट.

सुरुवातीला ग्रीव्ह्जकडे कुणी गांभीर्याने बघत नव्हतं. १९७ सीसीचं व्हिलियर्स इंजिन म्हणजे कामगाराला कारखान्यात नेणारं इंजिन, ५९ मिमी बोअर आणि ७२ मिमी स्ट्रोक. समोर बीएसए गोल्ड स्टार, मॅचलेस, पाचशे सीसीचे गडगडणारे फोर-स्ट्रोक. मग बीएसएमधून ब्रायन स्टोनब्रिज आला. उंचापुरा, आणि नुसता चालक नाही, टू-स्ट्रोक इंजिनातून ताकद काढण्यात मुरलेला. १९५७ मध्ये श्रॉपशायरमधल्या हॉकस्टोन पार्कच्या मैदानावर तो १९७ सीसीची ग्रीव्ह्ज घेऊन ३५० च्या शर्यतीत उतरला आणि पहिला आला. तीच गाडी घेऊन ५०० च्या शर्यतीत दुसरा. हॉकस्टोनची चढण ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल. पायी चढतानाही माणूस मध्ये थांबतो. पुढच्या मॉडेलला हॉकस्टोन नाव पडलं ते यावरून.

१९५९ साली २५० सीसीच्या युरोपीय स्पर्धेत स्टोनब्रिज दुसरा आला, हुस्कवार्नाच्या रॉल्फ टिब्लिनच्या मागे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटार अपघातात तो गेला. गाडी बर्ट ग्रीव्ह्ज चालवत होते. एका कारखान्याला भेट देऊन दोघे परत येत होते.

कंपनी तिथेच संपली असती तरी नवल नव्हतं. पण त्यांच्याकडे सफकमधल्या कॉडनम गावचा डेव्ह बिकर्स होता. १९६० मध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो युरोपचा २५० सीसी विजेता झाला. १९६१ मध्ये पुन्हा. स्टोनब्रिजने ज्या इंजिनावर घाम गाळला होता त्याच घराण्याच्या इंजिनावर. आणि माझी गाडी त्याच १९६० ची आहे! बिकर्सची नव्हे, पण साच्यातून बाहेर पडली तेव्हा कारखान्यात कसलं वातावरण असेल याचा विचार केला तरी हात धुऊन पुन्हा पाना उचलावासा वाटतो.

मिसळीतला_पाव

स्टोनब्रिजचं वाचून वाईट वाटलं. आणि बर्ट ग्रीव्ह्जनी त्यानंतरही कंपनी चालवली हे विशेष.

डबल_क्रेडल

बिकर्सबद्दल माझ्याकडून भर. १९६२ पासून २५० ची स्पर्धा जागतिक झाली आणि पहिली दोन वर्षं हुस्कवार्नाच्या टॉर्स्टन हॉलमनने नेली, १९६४ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर जोएल रोबेर. बिकर्स स्वतःच पुढे सीझेडवर गेला. म्हणजे दोनदाचा विजेताच परक्या गाडीवर. यावरून काय ते समजा. शर्यत सोडल्यावर त्याने चित्रपटांतल्या स्टंटसाठी गाड्या आणि यंत्रणा बनवायची कंपनी काढली, ती नावाजली.

यज्दीवाला_मिरज

सीझेड आली म्हणजे आम्ही आलो! दोन सायलेन्सरची टू-स्ट्रोक ही चेकोस्लोव्हाकियाची खासियत, एका सिलिंडरला दोन एक्झॉस्ट. सीझेडच्या त्या काळच्या मोटोक्रॉस गाड्यांनाही दोन नळकांडी होती. आपली जावा-यज्दी म्हैसूरला बनायची, तिचं कुळ तेच. एकीकडे ग्रीव्ह्जला घरी बसवणारी सीझेड आणि दुसरीकडे आमच्या मिरजेत दुधाचे कॅन वाहणारी यज्दी, एकाच घरातल्या.

तिरपा_स्टँड

@डबल_क्रेडल, मान्य. १९६२ नंतर व्हिलियर्सचं इंजिन अपुरं पडायला लागलं, हे खरं. त्याचा क्रँक रस्त्यावरच्या ताकदीसाठी बनवलेला. दुप्पट ताकद काढली की बिग-एंड, मेन बेअरिंग, क्लच, सगळं एकामागून एक बोलायला लागतं. आधी कारखान्याने स्वतःचा सिलिंडर आणि हेड बसवून बघितलं. मग १९६४ मध्ये चॅलेंजर आली, स्वतःचं इंजिन, आत डडलीच्या अल्फाचा क्रँक आणि मागे अल्बियनचा गिअरबॉक्स. चांगली गाडी होती. त्याच घराण्यातली रस्त्यावरच्या शर्यतीची सिल्व्हरस्टोन घेऊन गॉर्डन कीथने १९६४ ची मँक्स ग्रांप्री (आयल ऑफ मॅन बेटावरची शर्यत) लाइटवेट गटात जिंकली. ट्रायल्समध्येही (वेगापेक्षा तोल सांभाळत अवघड वाट पार करायची स्पर्धा) डॉन स्मिथ १९६४ चा युरोपीय विजेता. आणि १९६९ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल बिल विल्किन्सनने ग्रीव्ह्जवर जिंकली. त्यानंतर बुल्टाको, माँटेसा, ओसा या स्पॅनिश मंडळींनी तो डोंगर बळकावला.

नलिनी_वाई

मोटारसायकलमधलं मला काही कळत नाही, पण इन्व्हाकारवर थांबले. मी स्वतः मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर चालवते. लहानपणी पोलिओ झाला होता. इन्व्हाकारबद्दल आणखी सांगाल का? त्या गाड्यांचं पुढे काय झालं?

तिरपा_स्टँड

नलिनीताई, जरूर. नंतरच्या इन्व्हाकार फायबरग्लासच्या, फिकट निळ्या, बंदिस्त तीनचाकी. सरकारतर्फे अपंग नागरिकांना मिळत. त्या मालकीच्या नसत, वापरायला दिलेल्या असत. सगळी नियंत्रणं हातात, हँडलबारसारखी किंवा आडव्या दांड्याची. शेवटच्या मॉडेलला ऑस्ट्रियाच्या श्टायर-पुखचं पाचशे सीसीच्या आसपासचं इंजिन होतं, ते अशा हलक्या गाडीला जरा जास्तच. बाजूचा वारा आला की गाडी हलायची, उलटायच्याही तक्रारी होत्या.

त्यात एकच आसन. कायद्याने सोबत कुणाला बसवायची परवानगी नव्हती. म्हणजे एखादी आई स्वतः गाडी चालवत जाणार आणि तिचं मूल मागून बसने येणार. यावरून तिथल्या अपंगांच्या संघटनांनी बराच आवाज उठवला. १९७६ पासून भत्ता मिळायला लागला, पुढच्या वर्षी मोटॅबिलिटी योजना आली आणि लोक साध्या मोटारीत फेरबदल करून घ्यायला लागले. इन्व्हाकारचं उत्पादन थांबलं. उरलेल्या गाड्या ३१ मार्च २००३ ला सरकारने रस्त्यावरून काढून घेतल्या आणि बहुतेक मोडीत काढल्या. थोड्या संग्राहकांकडे वाचल्यात.

नलिनी_वाई

धन्यवाद. एका आसनाचं वाचून हसू पण आलं आणि रागही. माझ्या स्कूटरवर मागे माझी भाची बसते आणि तिला मी शिकवणीला सोडते. ती सोय नसती तर गाडी असून मी घरातच राहिले असते. डेरी प्रेस्टन-कॉब कंपनीत होते म्हणालात, तरी हे कुणाच्या लक्षात आलं नाही का?

तिरपा_स्टँड

गाडीचा आराखडा आणि नियम शेवटी खात्याचे. इन्व्हाकार शिवाय एसी कार्ससारखे इतरही बनवत होतेच, त्यांच्याही एकाच आसनाच्या. खरेदीदार एकटं सरकार असलं की तुमच्या मताला किती किंमत, हे कंत्राटदारांना विचारा. इथेच दोन धंद्यांतला फरक दिसतो. मोटारसायकलचा आराखडा पुढच्या रविवारी मैदानावर तपासला जायचा, तुटलं तर मंगळवारी बदलायचं. तीनचाकीचा आराखडा फायलीत.

डबल_क्रेडल

नलिनीताईंचा मुद्दा धाग्यातला सगळ्यात चांगला आहे. अवांतर मानू नये.

जुनं_ते_जुनं

मी रंगाबद्दल भांडायला आलोय. मूरलँड ब्लू चकचकीत मारून, स्पोक नवे लावून, तुळई आरशासारखी घासून शर्यतीची गाडी दिवाणखान्यात ठेवण्यात अर्थ काय? शर्यतीच्या गाडीचे ओरखडे हाच तिचा इतिहास. फोटोत टाकीच्या उजव्या बाजूला पोचा दिसतो. तो भरून काढणार असशील तर मी धागा सोडला.

तिरपा_स्टँड

थांबा, जाऊ नका. तुळई घासणार नाही, ती मूळचीच मंद खरखरीत होती. जत्रेतल्या पितळी भांड्यासारखी चमकवलेली ग्रीव्ह्ज बघितली की मलाही कसंतरी होतं. टाकीचा पोचा ठेवतोय. पण टाकीवर कुणीतरी मध्येच तपकिरी रंग फासला होता, तो काढून खालचा निळा बाहेर आणला. फ्रेमचा पोलादी भाग गंजाने खाल्लेला होता, तिथे नवा रंग लागणारच. गाडी मी ठेवायला नाही, चालवायला घेतली आहे. इथे १९६५ च्या आधीच्या गाड्यांच्या वेगळ्या शर्यती होतात. त्यात मागच्या रांगेत उभं राहून चिखल खायचा, एवढीच महत्त्वाकांक्षा.

स्पोक नवे लावावेच लागले. तिथे तडजोड नको.

जुनं_ते_जुनं

पोचा राहतोय ना, मग आपली दोस्ती. रबरी बुशचं काय केलंस? साठ वर्षांचं रबर म्हणजे दगड.

तिरपा_स्टँड

दगडच होता. नवे बुश मिळतात, ग्रीव्ह्जवाल्यांची संघटना इथे चांगली जागरूक आहे, सुट्या भागांची माहिती देते. जुने बुश दाबयंत्राने काढले, नवे बसवले. यात एक मेख आहे आणि ती आपल्याकडच्या मोटारींच्या सस्पेन्शन बुशलाही लागू पडते, म्हणून लिहितो. बुशचा बोल्ट चाक लटकत असताना कधीही आवळू नये. रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं, त्यामुळे ज्या कोनात तुम्ही आवळाल तो त्याचा विश्रांतीचा कोन. लटकत्या अवस्थेत आवळलं आणि मग गाडी जमिनीवर ठेवून वर माणूस बसला, की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत चिकटवण सुटते. ग्रीव्ह्जमध्ये तर तेच रबर स्प्रिंग आहे, म्हणजे कोन चुकला तर पुढची उंचीच चुकते. किती कोनात बसवायचं ते पुस्तकात दिलेलं आहे.

ओतकाम_कोल्हापूर

हे आमच्याकडच्या निम्म्या गॅरेजवाल्यांनी छापून भिंतीवर लावायला पाहिजे.

बापटकाका

कंपनी बंद कशी पडली ते राहिलं.

तिरपा_स्टँड

फारसं नाट्य नाही, काका. व्हिलियर्स विकली गेली, नॉर्टनशी जोडली गेली, आणि बाहेरच्या कारखान्यांना इंजिनं देणं बंद झालं. डॉट, कॉटन यांच्यासारख्यांची त्यात पंचाईत झाली. ग्रीव्ह्जचं स्वतःचं इंजिन होतं म्हणून ते काही वर्षं जास्त तगले. मग जपानी आल्या, चिखलासाठीच बनवलेल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बर्ट आणि डेरी निवृत्त झाले. दशकाच्या मध्यानंतर कारखान्याला आग लागली आणि त्यानंतर उत्पादन सावरलं नाही. बर्ट १९९३ मध्ये वारले. बीएसए तर त्याआधीच बुडाली होती, तीही जेफ स्मिथला १९६४ आणि १९६५ अशी दोनदा ५०० ची जागतिक अजिंक्यपदं मिळवून देऊन. अजिंक्यपदाने कंपनी वाचत नाही.

बापटकाका

व्हिलियर्सचा धागा आपल्याकडेही आहे बरं का. मद्रासच्या एनफिल्डने साठच्या दशकात फँटाब्युलस नावाची स्कूटर काढली होती, १७५ सीसी व्हिलियर्स इंजिनाची. शेर्पा मोटारसायकलमध्येही तेच कूळ. सांगलीत आमच्या मामांकडे फँटाब्युलस होती. दिसायला सुरेख, वजनाला म्हैस. मामा चढावर उतरून ढकलायचे, आम्ही मागून.

यज्दीवाला_मिरज

काका, तुम्ही शेर्पाचं नाव काढलंत म्हणून विचारतो. आमच्या गल्लीतल्या एका वर्कशॉपमध्ये शेर्पाचं इंजिन पडलंय, मालक देतोय. ठिणगी नाही. फ्लायव्हील काढून आतले पॉइंट बघायचे आहेत, पण पुलर (खेचून काढायचं हत्यार) कुठलाच बसत नाही. हातोडा मारू का?

तिरपा_स्टँड

अजिबात नको! व्हिलियर्सच्या बऱ्याच फ्लायव्हीलांना पुलर लागतच नाही, मधला नटच पुलर असतो. तुझ्याकडचं तसं असेल तर असं कर : नटाला नीट बसणारा जाड पाना लाव आणि पान्याच्या दांड्यावर हातोडीने कडक टिचकी मार. नट सुटेल, अर्धा-पाऊण फेरा मोकळा फिरेल आणि पुन्हा घट्ट होईल. बहुतेक लोक इथे घाबरून थांबतात. तो घट्ट झाला म्हणजे त्याची कड फ्लायव्हीलच्या आतल्या कड्याला टेकली. आणखी एक टिचकी मारली की फ्लायव्हील निमुळत्या दांड्यावरून आपोआप सुटतं. कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नकोस, केस फुटेल.

निघाल्यावर फ्लायव्हील उघडं ठेवू नको. आत एखादा लोखंडी तुकडा चुंबकांना जोडून ठेव. जुनी चुंबकं उघडी राहिली की जोर कमी होतो असं जुने मिस्त्री सांगतात, आणि शिवाय वर्कशॉपमधला सगळा किस त्यालाच चिकटतो.

यज्दीवाला_मिरज

उद्याच जातो. नट कसा दिसतो त्याचा फोटो टाकतो आधी, मग हात लावतो.

ओतकाम_कोल्हापूर

मिरजेहून कोल्हापूर तासाभराचं. केस फुटलीच तर घेऊन ये, बघू.